कुंकवाखालचं कपाळ

सुंदराबाईंचा फोन आला तेव्हा मी एका दंतवैद्याच्या बोर्डावरचा दात पांढरा करत होते.

"वैदेहीताई, आपल्या तांदळाच्या पाकिटावर आवडी हाय ना, तिचं कुंकू काढायला लागंल," त्या म्हणाल्या. "चांगू गेला, तिचा मालक. गणपती झाल्यावर गेला. पाकिटावर ती तशीच कुंकू लावून हसतेय, तिला बरं नाय वाटत."

"काढते," मी म्हटलं आणि दात पांढरा करत राहिले.

माझं हे असंच चाललं होतं. कोणी जन्मो, कोणी मरो, माझी उत्तरं ठरलेली. करते. काढते. पाठवते. दाताच्या डॉक्टरने सुई टोचल्यावर गाल जागेवर असतो, पण आपला वाटत नाही. मी अख्खीच तशी झाले होते. लोक म्हणायचे, काय धीराची बाई आहे. धीर कसला डोंबलाचा!

आमची 'ठसा' ही जाहिरातींची एजन्सी महाडच्या बाजारपेठेत आहे, औषधांच्या दुकानाच्या वर. एजन्सी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर काचेच्या केबिनी येतात. आमच्याकडे दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि खालून येणारा टॉनिकचा वास. आमोद मालक, कामं तो आणायचा. डिझाइन मी करायचे. फोटो मुकुल काढायचा. मुकुल माझा नवरा. मार्चमध्ये चवदार तळ्याच्या कार्यक्रमांचे बॅनर छापायची गडबड चालू होती, त्याच आठवड्यात पोलादपूरच्या एका हॉलमध्ये लग्नाचे फोटो काढता काढता तो खाली बसला आणि उठलाच नाही. कॅमेऱ्यातला शेवटचा फोटो नवरीच्या मेंदीचा होता. जरासुद्धा हललेला नव्हता.

त्याआधी मला सुचायचं. मुकुल फोटो माझ्यासमोर टाकायचा आणि म्हणायचा, "घे बाई, आता तुझं काय ते बघ." मला लगेच दिसायचं, अक्षरं कुठे बसतील, रंग कुठे थांबेल. सुचणं म्हणजे काही आकाशातून पडत नाही. निदान माझ्याकडे तरी ते शेजारच्या खुर्चीतून यायचं. आता नवीन पान उघडलं की ते रिकामंच राहायचं. आमोदला हे कळत होतं. तो मला डागडुजीची कामं द्यायचा. दात पांढरा कर, नगरसेवकाचं पोट आत घे, बारशाच्या बॅनरवरची तारीख बदल.

सुंदराबाई चालवतात त्या कापडे गावच्या बायकांच्या बचत गटाचं पाकीट हे आम्हा दोघांचं सगळ्यात चांगलं काम. त्यांचा तांबडा तांदूळ, नाव 'खाचर', म्हणजे भाताचं शेत. नाव माझं, फोटो मुकुलचा. लावणीच्या दिवसांत तो एकटाच कापड्याला गेला होता, मी तापाने घरी पडले होते. फोटोत आवडी बांधावर उभी आहे, डोक्यावर पदर, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, मान मागे टाकून अशी हसतेय की पाहणाऱ्याला विचारावंसं वाटतं, झालं तरी काय? मागे नुसतं हिरवं. मी त्या फोटोवर फारसं काही केलंच नाही. एका कोपऱ्यात नाव लिहिलं आणि गप्प बसले. एवढं मला तेव्हा कळत होतं.

त्या दिवशी मुकुल घरी आला तो अनवाणी, एक चप्पल हातात घेऊन. दुसरी कुठे म्हणून विचारलं तर म्हणाला, "दान केली. ही ठेव, दानाचं फळ मिळतं." ती एक चप्पल त्याने काही टाकू दिली नाही. तो गेल्यावर सासूबाईंनी त्याचे कपडे, बूट, सगळं देऊन टाकलं. उरली ती चप्पल. एका चपलेचं कोण काय करणार?

सासूबाई तशा भल्या. तेराव्यानंतर त्यांनीच टिकल्यांचं पाकीट आणून दिलं. "लाव गं. आमचं काही म्हणणं नाही, जग बदललंय." लावू नको म्हणाल्या असत्या तर मी कदाचित भांडले असते. तेवढंही निमित्त दिलं नाही. मग सकाळी आरशावरची टिकली कपाळावर आणि रात्री कपाळावरची आरशावर, असं सुरू झालं. लावावीशी वाटत नव्हती आणि काढावीशीही वाटत नव्हती.

सुंदराबाईंच्या फोनचं आमोदला सांगितलं तर तो खुर्चीतून उठलाच. आमोदला कल्पना सुचली की त्याला बसवत नाही.

"काढायचं कशाला? उलट ठेवू या! नवरा गेला तरी तिचं कुंकू तिचं. तिचा व्हिडिओ करू. वैदेही, हे गाजेल बघ."

"ती काढा म्हणतेय."

"मग फोटोच बदलू. दिवाळीचा नवा लॉट छापायला जायचाय, आज-उद्या फाइल द्यायची आहे. हे बघ, मी एआयकडून एक आजी करून घेतली होती सहज." त्याने लॅपटॉप फिरवला. छान आजी होती. नथ, सुरकुत्या, शेत, सगळं जागच्या जागी.

त्या आजीकडे बघताना मला बऱ्याच दिवसांनी कसली तरी भीती वाटली. मुकुलने उभा जन्म लोकांची लग्नं टिपली. ते अल्बम लोकांच्या कपाटांत गेले. चारचौघांना दिसेल असं त्याचं एवढंच उरलं होतं, किराणा दुकानाच्या फळीवर हसणारी ही बाई. ती गेली तर मुकुल बाजारातूनही गेला. मला बाकी काही नको होतं. तो फोटो राहायला हवा होता.

"कुंकू काढून दाखवते," मी म्हटलं. "तिला पसंत पडलं तर हाच फोटो छापायचा."

"आणि नाही पडलं तर माझी आजी," आमोद म्हणाला.

कुंकू काढणं अवघड नसतं. कुंकवाखाली काय आहे ते फोटोला माहीत नसतं, म्हणून शेजारची कातडी उचलायची आणि तिथे लावायची. थोडी भुवईच्या वरची, थोडी केसांखालची. दुपारच्या चहाआधी आवडीचं कपाळ स्वच्छ झालं. कुठे जोड दिसत नव्हता. मी एका बाईचं कुंकू पुसलं आणि मला काहीही वाटलं नाही, याचंसुद्धा मला काही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सुंदराबाई बँकेच्या कामाला आल्या आणि आवडीला आमच्याकडे सोडून गेल्या. फोटोतल्यापेक्षा ती बारीक होती, पदर कपाळावर ओढलेला. जिना चढून दमली होती. खुर्चीच्या टोकावर बसली, पाणी प्यायली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "तू त्या फोटोवाल्याची ना गो? सांगत होता, पाकीट माजी बायको काडते म्हनून."

मी मान हलवली. आमोदने तेवढ्यात संधी साधली.

"आजी, कुंकू ठेवा की. आता कोणी काही म्हणत नाही. आपण तुमची गोष्ट सांगू, हजारो लोक बघतील."

"म्हनत नाय ते ठावं हाय रे मला. मला कोनी आडवलं नाय," आवडी शांतपणे म्हणाली. "म्हातारा होता तवा लावलं. आता तो नाय, तर नाय. त्यात हजार लोकांचं काय काम?"

आमोद प्रिंटरमधले कागद नीट करू लागला. मी स्क्रीन तिच्याकडे वळवला. ती पुढे वाकली, डोळे बारीक केले आणि बराच वेळ बघत राहिली.

"ही कोन?"

"तुम्ही, आजी. कुंकू काढलंय."

"मी नव्हं ही. माजं गोंदन कुठं हाय?"

तिने पदर मागे सारला. कुंकू असायचं नेमक्या त्या जागी, दोन भुवयांच्या वर, हिरवट काळे ठिपके होते. चार चहूकडे आणि एक मधे. इतकी वर्षं कुंकवाखाली झाकलेले.

"मला दिसलं नाही हो ते," मी म्हटलं.

"दिसंल कसं? वर कुंकू होतं. पन होतं ना खाली." ती रागावली नव्हती, समजावत होती. "कुंकू त्याच्या नावाचं. ह्ये माज्या आयशीनं काडून घेतलंय, लगीन व्हायच्या आदी. मेल्यावर आंगावरचं समदं काडून घेतील. ह्ये कोन काडंल? आन् तू काडलंस."

आमोदने लॅपटॉप पुढे सरकवला. "आजी, मग ही कशी वाटते बघा. हीच छापू."

आवडीने बघितलं. "ही कोनाची?"

"कोणाचीच नाही. कॉम्प्युटरने केलीय."

"मंग हसतेय कशाला?"

"आमोद, थांब," मी म्हटलं. जरा मोठ्यानेच म्हटलं असावं, कारण तो खरंच थांबला. "मी फोटोत गोंदण परत काढते. मग बघू."

आवडीची खुर्ची खिडकीशी ओढली. आधी सोपा रस्ता पाहिला: मोबाइलवर तिच्या कपाळाचा फोटो घेतला आणि ते ठिपके उचलून मुकुलच्या फोटोत ठेवले. माशा बसल्यासारखे दिसायला लागले. तिथे तिची मान मागे गेलेली, हसून कपाळाला आठ्या पडलेल्या.

"आजी, तेव्हासारख्या हसता का जरा?"

"सांगून कसं हसायचं गो?"

ते बरोबरच होतं. मग ड्रॉवरच्या तळातून चित्र काढायचं पेन शोधलं. धूळ बसली होती, पुसलं. तिच्याकडे बघायचं, फोटोकडे बघायचं, एक ठिपका द्यायचा. पहिला हिरवा झाला, खोडला. दुसरा काळा झाला, तोही खोडला. गोंदणाचा रंग कातडीच्या वर नसतो, खाली असतो. भिंतीवर चुना मारला तरी आतलं शेवाळ कळतं, तसा. तिसरा बसला. चौथ्यासाठी आठी कुठे वळते ते बघावं लागलं. हात चालायला लागला होता. बरं वाटत होतं असं नाही. पण पुढचा ठिपका कुठे येणार ते मला आधीच दिसलं, आणि कितीतरी महिन्यांत मला काहीच दिसलं नव्हतं.

"आजी, तेव्हा एवढं काय हसलात?" मी पेन न उचलता विचारलं. "काय म्हणाला होता तो?"

"म्हनतोय काय! फोटो काडता काडता मागं मागं गेला तो खाचरात. पाय रुतला. पाय आला वर, चप्पल नाय आली. आता मानसानं चप्पल बघावी का नाय? हा बगळ्यावानी एका पायावर उभा आन् मला म्हनतो, आजी, हलू नका, उजेड चांगला हाय. मला हसू आवरंना. म्हाताऱ्यानं तर बांधावर बसूनच घेतलं."

मी शेवटचा ठिपका दिला. मधला. मग हात बाजूला घेतला आणि स्क्रीन तिच्याकडे वळवला.

आवडीने एकदा स्क्रीनवर बोट ठेवलं, एकदा स्वतःच्या कपाळावर. "हां," ती म्हणाली. "ही मी."

आमोदने पाहिलं. लॅपटॉपवरची आजी बंद केली आणि म्हणाला, "पाठवतो छापायला." फोटो राहिला होता. मला वाटलं, झालं, संपलं.

जिन्यावर सुंदराबाईंची हाक आली. आवडी गुडघ्यावर हात ठेवून उठली, दारापर्यंत गेली आणि वळली.

"तुज्या मालकाला सांग गो, चप्पल घावली. भात कापल्यावर घावली मागच्या साली. म्हाताऱ्यानं धुऊन पडवीत खुंटीला लावून ठेवलीय. फोटोवाला येईल म्हनायचा, कोनाला हात लावू द्यायचा नाय. आता म्हातारा पन नाय. येऊन घेऊन जा म्हनावं."

मी आमोदकडे पाहिलं. आमोद खिडकीबाहेर बघत होता. मुकुल गेला हे मी अजून कोणाला सांगितलंच नव्हतं. सांगायची वेळच आली नव्हती. सासूबाईंनी सांगितलं, आमोदने सांगितलं, नाक्यावरच्या बॅनरने सांगितलं. तो बॅनरही आमोदनेच केला होता. कापड्याला कोणी कळवलं नाही. तो तिथे एका दुपारपुरता गेलेला माणूस, कशाला कळवतील? आणि आवडी माझ्या कपाळाकडे बघत होती. त्या टिकलीच्या हिशोबाने मुकुल जिवंत होता.

"आजी, मुकुल गेला," मी म्हटलं. "मार्चमध्ये गेला."

स्वतःच्या तोंडून ते ऐकलं आणि मला ते पहिल्यांदा कळलं.

आवडी परत आली. खुर्चीवर बसली, या वेळी नीट मागे टेकून. सुंदराबाईंनी खालून पुन्हा हाक मारली, तिने ओ दिली नाही. माझ्या टिकलीबद्दलही काही विचारलं नाही.

"मंग मी ती चप्पल कोनाला देऊ गो?" ती म्हणाली.

मला रडू आलं. पोलादपूरच्या हॉलमध्ये आलं नव्हतं, माणसं स्मशानातून परतली तेव्हा आलं नव्हतं. आता आलं ते थांबेना. आमोद पाणी घेऊन उभा होता, त्याच्या हातातला ग्लास मला दिसत होता आणि घेता येत नव्हता. आवडी माझ्या पाठीवर हात ठेवून नुसती बसून राहिली. खाली एसटीची वेळ होत आली असणार. पुष्कळ वेळाने मी तो ग्लास घेतला.

"मला द्या," मी म्हटलं. "दुसरी माझ्याकडे आहे."