चौदावा रकाना

सोमवारी सकाळी वन्संच्या औषधांच्या डब्यात मला आमच्याच कचेरीचं पत्र सापडलं. 'अर्ज अपूर्ण. परत.' तारीख तीन आठवड्यांपूर्वीची.

"वन्सं, हे काय?"

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. लग्न केलं नाही, निवृत्त झाल्यावर आमच्याकडे आल्या, आणि गेली नऊ वर्षं भाजी कशी चिरायची इथपासून खिडकी किती उघडायची इथपर्यंत आमचं रोज वाजतं. आता त्यांच्या हृदयाची झडप गेलीय. चार महिन्यांत शस्त्रक्रिया झाली तर ठीक, पुढचं मी सांगत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. मोठ्या रुग्णालयातल्या शस्त्रक्रियांची यादी सहा महिन्यांतून एकदा लागते आणि ती आमच्या कचेरीत तयार होते. ती त्याच दिवशी चार वाजता बंद होणार होती.

"बघितलं होतं गं मी," त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या. "म्हटलं, नाही तर नाही."

"जिवावर बेतलंय आणि नाही तर नाही?"

पत्रात लिहिलं होतं, चौदावा रकाना रिकामा. म्हणजे शस्त्रक्रियेनंतर काळजी कोण घेणार, तो.

"माझं नाव का नाही लिहिलंत?"

"तुला न विचारता कसं लिहायचं? आणि विचारलं असतं तर तू नाही म्हणाली नसतीस. म्हणून तर विचारलं नाही."

मला इतका राग आला की रडूच फुटलं. एवढी भांडते मी या बाईशी, पण एवढं परकं केलं मला? मी तशीच चपला अडकवून निघाले.

आता कचेरीतलं सांगायला हवं. बावीस वर्षं मी तिथे आलेले अर्ज बघून संगणकावर चढवत होते. गेल्या वर्षी रोबोट आला. रोबोट म्हटलं की लोकांना हातपाय दिसतात, आमचा म्हणजे नुसता पडद्यावर आपोआप फिरणारा बाण. वेगळी थंडगार खोली, हात लावायचा नाही, मोठ्यानं बोलायचं नाही. आम्ही त्याचं नाव ठेवलं जावई. त्याला शिकवायला तीन आठवडे माझंच काम टिपून घेतलं. मी काय उघडते, कुठे बघते, कुठलं बटण दाबते, सगळं. नंतर जावई माझ्या जागी बसला आणि मी खिडकीवर, लोकांना कोरे अर्ज द्यायला.

चौदावा रकाना कितीतरी लोक रिकामा सोडतात. एकटे असतात, नाहीतर लाजतात. नियम सांगतो, अर्ज परत. मी 'परत' दाबायचे. पण जेवणाच्या सुट्टीत त्या माणसाला फोन करायचे, "कोण आहे हो तुमचं?" कुणीतरी असतंच. शेजारीण, भाचा, दुकानातला भागीदार. दुसऱ्या दिवशी साहेबांच्या संगणकावरून अर्ज बाहेर काढून नाव भरायचे. परत गेलेले अर्ज तिथेच उघडतात आणि साहेबांनी कंटाळून मला आपला पासवर्ड देऊन टाकला होता. हे सगळं नियमाबाहेरचं. लोकांना फोन करायचे नाहीत, असं परिपत्रकच होतं.

"याशिवाय काही करता का?" टिपून घेणाऱ्या इंजिनियर बाईनं मला तीनदा विचारलं होतं.

"छे, एवढंच," मी तीनदा म्हणाले होते. साहेब मागेच उभे होते.

मग खिडकीवर गेल्यावर परत जाणाऱ्यांचं काय होतं, हे मी का नाही बघितलं? आता स्वतःला विचारते. बघत असेल कुणीतरी, असं धरून चालले. खरं तर जावयावर मी इतकी चिडले होते की त्याच्या खोलीकडे ढुंकूनही बघत नव्हते.

इंजिनियर बाईला मी गाठलं आणि सरळ तोंड सोडलं. "तुमचा रोबोट चुकलाय! घरचं माणूस मरेल माझं!"

ती बिचारी घाबरली. तिनं जुनं चित्रीकरण लावलं. पडद्यावर माझा बाण चौदाव्या रकान्याशी आला, थांबला, आणि 'परत'वर गेला. असं तिनं मला सात वेळा दाखवलं. "ताई, तो तुम्ही केलंत तेच करतोय," ती हळूच म्हणाली.

तीन वाजता साहेबांच्या दारात गेले. बाहेरचे लोक गेल्यावर त्यांनी दार लावलं आणि परत गेलेल्यांची यादी उघडली. चौदाव्या रकान्यामुळे परत गेलेले त्रेचाळीस अर्ज. वन्संचं नाव एकोणतिसावं.

"सगळेच काढा ना साहेब. चूक आपली आहे."

"आपली म्हणजे?" त्यांनी आवाज खाली आणला. "एवढे अर्ज एकदम काढायचे तर कारण लिहावं लागतं. आपली चूक असं लिहिलं की चौकशी लागणार. तुम्ही फोन करत होता, माझा पासवर्ड वापरत होता, सगळं निघणार. चौकशी होईपर्यंत त्रेचाळीसही अडकतील, तुमच्या नणंदबाईसुद्धा. चार वाजता यादी बंद."

"मग?"

"विशेष बाब म्हणून एक नाव माझ्या सहीनं जातं. सहा महिन्यांत एकच. घरचं माणूस आहे तुमचं, मी नाही म्हणणार नाही."

भिंतीवरच्या घड्याळात सव्वातीन झाले होते. मी बेचाळीस नावं वाचायला लागले. कुणाचं वय एकतीस, कुणाचं अठ्ठ्याहत्तर. चौदाव्या नावापुढे माझ्यानं वाचवेना. मला भाषण द्यायचं होतं, टेबल उलथायचं होतं, साहेबांच्या तोंडावर राजीनामा फेकायचा होता. यातलं मी काहीही केलं नाही.

"वन्संचं काढा," मी म्हणाले.

त्यांनी सही केली. मी माझं नाव चौदाव्या रकान्यात भरलं. पावणेचारला अर्ज यादीत गेला आणि मी बाहेर आले.

संध्याकाळी घरी सांगितलं. वन्संनी माझे दोन्ही हात धरले. नऊ वर्षांत पहिल्यांदा. "माझ्यासाठी केवढी धावलीस गं," म्हणाल्या, आणि लहान मुलीसारख्या रडल्या. मी त्यांना थोपटत राहिले. बाकीच्या बेचाळीस नावांचं सांगितलं नाही. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला खिडकीवर एक माणूस आला. साठीचा, सुताराचे हात, कपड्यांवर भुसा. त्यानं आमचं पत्र पुढे सरकवलं.

"बायकोचा अर्ज परत आलाय. काय चुकलं ते कळत नाही."

पत्रावरचं नाव मी ओळखलं. यादीतलं सहावं.

"चौदावा रकाना रिकामा होता."

"हा?" त्यानं चष्मा लावून वाचलं. मग माझ्याकडे बघितलं. "काळजी कोण घेणार म्हणजे? मीच की. आमच्या लग्नाला छत्तीस वर्षं झाली. हे काय लिहायचं असतं का? मला वाटलं, बाहेरचा कुणी माणूस असेल तर लिहायचं."

मी ते पत्र उलटं करून ठेवलं.

"एक फोन केला असता तरी मी सांगितलं असतं," तो म्हणाला. तक्रार नव्हती, आपला सांगत होता. "बरं, नवा अर्ज द्या. आता भरतो नीट."

मी त्याला कोरा अर्ज दिला. खिडकीच्या कट्ट्यावरच तो लिहायला लागला, एकेक अक्षर कोरल्यासारखं. चौदाव्या रकान्यात त्यानं आपलं पूर्ण नाव लिहिलं, पुढे 'नवरा' लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

"आता तर नाही ना परत येणार?"

"नाही."

"मग नंबर कधी लागेल तिचा?"

नवी यादी सहा महिन्यांनी. त्यानं अर्जाला जोडलेल्या बायकोच्या कागदावर डॉक्टरांनी लिहिलेलं मला उलटंही वाचता येत होतं. 'शस्त्रक्रिया दोन महिन्यांत.'

"लागेल," मी म्हणाले, आणि पावतीवर शिक्का मारून त्याच्या हातात दिली. त्यानं ती खिशात नीट ठेवली आणि दोन वेळा माझे आभार मानले.