कमानीवरचं नाव

"दुसरा लोहार बघा," असं म्हणत लोहाराने तापलेला फाळ ऐरणीवर घेतला आणि असा घाव घातला, की मास्तर ठिणग्यांना भिऊन दोन पावलं मागे सरले.

मास्तरांच्या काखेत पुठ्ठ्यातून कापलेली अक्षरं होती. गावात शिरायच्या रस्त्यावर लोखंडी कमान उभारायची आणि तिच्यावर गावच्या फौजीचं नाव लावायचं, असं गावाने एकमताने ठरवलं होतं. एकमताने म्हणजे लोहाराला कोणी विचारलंच नव्हतं.

"अहो, देशाचं शौर्यपदक मिळालंय आपल्या पोराला! पेटलेल्या दारूगोळ्याच्या कोठारात तीनदा शिरला. तीन माणसं ओढून बाहेर काढली."

"आत किती होती?"

मास्तर पुठ्ठे चाचपत राहिले.

"चार होती. चौथा माझा होता. मोजता येतं मला, मास्तर."

"स्फोट झाला हो. त्याला तो काय करणार?"

"अक्षरं ठेवायची तर ठेवा. भट्टी पेटवायला होतील."

फौजी आणि लोहाराचा मुलगा एकाच दिवशी भरती झाले होते, एकाच गाडीने गेले होते. एक पेटीतून परत आला, दुसरा छातीवर पदक लावून. तेव्हापासून दीड वर्षं लोहाराने फौजीच्या घरच्या कुळवाचा खिळासुद्धा ठोकला नव्हता. दुकानात फौजी दिसला, तर हा घेतलेलं मीठ तिथंच टाकून निघायचा. लोहारीण यावर चकार शब्द काढत नसे. ती भाता ओढायची, बस्स.

त्याच दुपारी फौजी स्वतः आला. डाव्या हाताची बोटं जळून एकमेकांना चिकटलेली. दारात उभा राहिला, आत ये असं कोणी म्हणालं नाही.

"काका, ती कमान करू नका."

"मी कुठे करतोय? मास्तरांना सांग जा."

"सांगितलं. ते म्हणतात, शूर माणसं अशीच बोलतात."

"मग इथे कशाला मरायला आलास? नाही म्हणू नकोस रे बाळा, तू मोठा आहेस, असं माझ्या तोंडून ऐकायचंय?"

भाता थांबला. दीड वर्षात पहिल्यांदा लोहारीण त्याच्याशी बोलली. "शेवटी काही म्हणाला का रे तो?"

फौजीने तिच्याकडे पाहिलं नाही. तो जमिनीकडे बघत बोलला. "ओरडत होता, काकी. बाकीचे तिघं गप्प पडले होते. जो ओरडतो त्याच्यात अजून दम असतो, तो तग धरतो, गप्प असेल त्याला आधी उचला, असं आम्हाला शिकवतात. तसंच केलं. तिसऱ्याला बाहेर टाकलं, तेव्हाही याचा आवाज येत होता."

"आणि मग स्फोट झाला," लोहार म्हणाला. "ऐकलंय गावभर."

"नाही. स्फोट नंतर झाला. मी उभा राहिलो. पाय उचललाच नाही. तो माझं नाव घेऊन हाका मारत होता आणि मी बाहेर उभा होतो. किती वेळ, ते मलाच माहीत नाही. कागदावर मात्र साहेबांनी स्फोटामुळे जाता आलं नाही असं लिहिलं. मी बोललो नाही."

लोहाराने सांडशीत धरलेलं लालभडक लोखंड उचललं आणि त्याच्या तोंडासमोर नेलं. फौजी जागचा हलला नाही. लोखंड हळूहळू काळं पडत गेलं, तरी दोघं तसेच.

"चालता हो," लोहार शेवटी म्हणाला.

फौजी गेल्यावर लोहारीण म्हणाली, "गावाला सांगणार?"

"का सांगू? सांगितलं की सुटला तो. गाव दोन दिवस थुंकेल आणि विसरेल." मास्तर भट्टीजवळ ठेवून गेलेले पुठ्ठे त्याने उचलून झटकले. "मास्तरांना निरोप धाड. कमान मीच करतो. रोज त्या नावाखालून जाऊ दे त्याला."

अकरा दिवस तो राबला. अक्षरं जाड पट्टीतून काढली, एकेक घासून गुळगुळीत केली आणि मागून अशा रिवेटी ठोकल्या, की उद्या कोणाच्या मनात आलं तरी काढता येऊ नयेत. लोहारीण भाता ओढत होती, पण त्याच्या ताटासमोर बसायची ती बंद झाली.

उद्घाटनाच्या दिवशी भाषणं झाली, टाळ्या झाल्या. फौजी पदक लावून कमानीखाली उभा होता आणि पांढराफटक पडला होता. लोहार गर्दीच्या मागे उभा राहून ते तोंड पोटभर पाहत होता. बऱ्याच दिवसांनी त्याला जरा बरं वाटलं.

ते बरं वाटणं महिनाभरसुद्धा टिकलं नाही. कमानीखालून पहिल्यांदा कोळशाची हातगाडी नेताना त्याने वर पाहिलं. मुलाने शेवटपर्यंत ज्या नावाने हाका मारल्या, तेच नाव, आपल्याच हाताचं. कानात काहीतरी वाजायला लागलं. त्या दिवसापासून तो ओढ्यातून जायला लागला. वाट अरुंद, चिखल घोटाभर, पण कमान लागत नव्हती.

तिथेच एका सकाळी गाडीचं चाक आसापर्यंत रुतलं. लोहाराने मान वर केली, तर समोरून डोक्यावर पेंढी घेऊन फौजी येत होता. त्याचेही पाय चिखलाने माखलेले. पायवाट चांगली मळलेली दिसत होती. तोही इथून आज पहिल्यांदाच जात नव्हता.

फौजीने पेंढी काठावर टाकली आणि गाडीकडे आला.

"हात लावू नकोस," लोहार ओरडला.

फौजी थांबला. लोहाराने खांदा लावला, पाय घसरले, पुन्हा लावला. कोळसा पाण्यात सांडायला लागला. चाक बोटभरही हललं नाही. धाप लागून तो दांडीवर ओणवा झाला. ओढ्याचं पाणी दोघांच्या पायांना लागून वाहत होतं.

"लाव," तो मान वर न करता म्हणाला. "आणि तोंड उघडू नकोस."

फौजीने वाकडा हात चाकाखाली घातला.