डोक्यावरचे हात

मार्लीनं जेवणाच्या टेबलापासची खुर्ची ओढत बैठकीच्या मधोमध आणली आणि ती पाठ ताठ करून बसली. उद्या तिच्या छातीतली गाठ काढायची होती. मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या घरात अशा वेळी नवरा बायकोच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देतो. देव सुचवील तेच बोलायचं, पदरचं काही घालायचं नाही.

"शेजारच्या ब्रदर ऑल्डसना बोलावू का? दोघं असलो तर बरं," ब्रेंट म्हणाला.

"नको बाई. त्यांच्या हातांना कायम कांद्याचा वास. तूच पुरे."

तो खळखळून हसला. हसण्याच्या बाबतीत दोघांचं झकास जमायचं. बावीस वर्षांत कधी आवाज चढला नव्हता. आपला जीव पुरुषांवर जडतो, हे त्यानं लग्नाआधीच सांगून टाकलं होतं. एकदा लग्न झालं की सगळं रुळावर येईल, असं तेव्हाचे बिशप म्हणाले होते. ते काही आलं नाही. तीन मुलं झाली, कारण ब्रेंट कुठल्याच कर्तव्यात चुकणारा नव्हता. पण ती केस मोकळे सोडून आरशासमोर उभी राहिली तरी त्याची नजर कधी अडखळली नाही. तिनं ते मुकाट गिळलं. पंथाच्या मंदिरात लग्न लावताना दोघांना अनंतकाळासाठी बांधलं होतं, आणि परलोकात देव सगळी मोडतोड दुरुस्त करतो. तिथं तरी ब्रेंट आपल्याकडे बघेल, एवढ्या आशेवर तिनं दिवस काढले होते.

ब्रेंटनं दोन्ही हात तिच्या डोक्यावर ठेवले आणि तिचं पूर्ण नाव घेतलं. डॉक्टरांचा हात चुकणार नाही, म्हणाला. मुलांची काळजी करू नकोस, म्हणाला.

"तुझ्यात कधीच काही कमी नव्हतं, असं स्वर्गातल्या पित्याला तुला सांगायचंय." त्याचा आवाज चिरकला. "तू खोलीत आलीस की ज्याची नजर तुझ्यावरून हटणार नाही, असा सोबती तुला मिळेल. इथं नाही, तर तिथं नक्की. येशू ख्रिस्ताच्या नावानं, आमेन."

असा सोबती. तुझा नवरा नव्हे. मार्लीनं शब्द नीट ऐकले होते.

"ब्रेंट," डोळे न उघडताच ती म्हणाली, "तो तूच ना?"

"वरून जे आलं ते बोललो गं."

"मग पुन्हा विचार देवाला."

"रोज विचारतो, मार्ली."

आता तिनं आमेन म्हणायचं होतं. म्हटलं की आशीर्वाद मान्य झाला. बायकोचं आमेन येईपर्यंत हात काढायचे नाहीत, ही ब्रेंटची जुनी सवय. हात उबदार होते. असंच बसून राहावं, उद्या उजाडूच नये, असं तिला फार वाटलं. पण मागे त्याला हुंदका आवरेना, आणि तो ऐकून तिला त्याचीच दया आली.

"आमेन," ती म्हणाली.

हात लगेच उचलले गेले.