पेवातला दिवा

दोर माझ्या कमरेला बांधून झाला होता आणि मी हरखून गेले होते, तेवढ्यात आजी पेवाच्या तोंडाशी फतकल मारून बसली. उठायला तयार होईना.

पेव म्हणजे अंगणातलं धान्य साठवायचं भुयार. तोंड टोपल्याएवढं, पोट खोलीएवढं. आमचं पेव आजीच्या लहानपणापासून बंद होतं. त्यावरच्या फरशीवर आम्ही पोरं खुशाल खेळायचो. आजी मात्र तिच्यावर कधी पाय ठेवायची नाही, वळसा घालून जायची. आम्ही तिला त्यावरून चिडवायचो.

लातूर नवा जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती. कलेक्टर आला, पाट्या बदलल्या, पाणी तेवढं यायचं राहिलं. सलग दुष्काळ. अहमदपूरहून टँकर यायचा तो त्याच्या मर्जीने, आणि आला की साठवायला भांडी पुरायची नाहीत. तेव्हा बाबांना युक्ती सुचली. पेव उघडायचं, आतून सिमेंट लावायचं, की झाली टाकी. गवंडी शरणप्पाने मान डोलावली, पण आधी तळचा कुजका भुसा काढायला हवा होता. त्या तोंडातून आत जाईल असं घरात एकच अंग होतं, माझं. मी तेव्हा चौथीत होते आणि पेवात उतरणारी गावातली पहिली पोरगी म्हणून वर्गात मिरवायचं मी ठरवूनही टाकलं होतं.

सकाळी फरशी काढल्यावर आतून आंबूस वास आला. बाबांनी सुतळीला बॅटरी बांधून आत सोडली. तळ लख्ख दिसला. साप नाही, विंचू नाही.

"बॅटरीला काय कळतंय," आजी म्हणाली. "दिवा सोड."

बाबा कुरकुरले, पण त्यांनी रॉकेलचा दिवा लावून आत सोडला. अर्ध्यावर ज्योत बारीक झाली आणि विझली. त्यांनी वर ओढून पुन्हा लावला. पुन्हा विझला. वारा तर अजिबात नव्हता.

"राशनचं राकेल हाय माय, निम्मं पाणी असतंय त्यात," बाबा म्हणाले. "बॅटरी जळून राहिली न्हवं? जाऊ दे पोरीला."

आजीने माझ्या कमरेचा दोर दोन्ही हातांनी धरला. मनगटाला त्याचे दोन वेढे दिले. माझी आजी धुरपताबाई म्हणजे पिसाळलेल्या कुत्र्याला काठी घेऊन सामोरी जाणारी बाई. तिला घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं, म्हणून मीच जास्त घाबरले.

"माझा बा बी ह्येच बोल्ला व्हता," ती म्हणाली.

मग तिने सांगितलं. आजीला भाऊ नव्हता, आजोबा घरजावई होऊन आले, त्यामुळे तिचं माहेर आणि सासर हेच घर. जर्मनची लढाई चालू होती तेव्हाची गोष्ट. लढाई दूर कुठे तरी, पण तिची झळ निजामाच्या राज्यातल्या या गावापर्यंत आली होती. कापड मिळेना, रॉकेल मिळेना, मिळालं तर पाणी घातलेलं. दिवे आपोआप फडफडून विझायचे. त्यात लेव्ही. सरकारी माणसं घरोघर फिरून ज्वारी मोजून न्यायची, लपवलेली सापडली तर घरच्या कर्त्याला बांधून न्यायची. पणजोबांनी, म्हणजे आजीच्या वडिलांनी, थोडी ज्वारी पेवात दडवली होती. वरचं धान्य संपलं, चूल विझली, तरी पेव उघडायची हिंमत होईना.

एका दुपारी लेव्हीचे लोक चावडीवर जेवायला बसलेले असताना पणजोबांनी फरशी काढली. पेव उघडलं की आत कोंडलेली विषारी हवा निघून जावी म्हणून दिवसभर तसंच ठेवायचं, मग दिवा सोडायचा आणि तो जळला तरच माणूस उतरवायचा, ही रीत घरात सगळ्यांना ठाऊक होती. पण दिवसभर उघडं ठेवलं तर साऱ्या गावाला दिसलं असतं. दिवा तेवढा सोडला. तो विझला. पणजोबांनी रॉकेलला शिवी घातली आणि आजीच्या थोरल्या बहिणीला, सरजाला, दोर बांधून खाली सोडलं. सात वर्षांची आजी दारात राखणीला उभी होती.

"खालून एकदाच बोलली, बा, गरगरतंय म्हून. दोर ओढला तर मान लोंबून राहिलेली. मायनं तोंडात पदर कोंबला. रडली असती तर चावडीवरचे आले असते."

गावाला तापाचं सांगितलं. तोवर फरशी अर्धवटच सरकवलेली होती. सरजाला पुरून आल्यावर पणजोबांनी पुन्हा दिवा सोडला. या वेळी तो जळाला, आणि ज्वारी वर आली.

"मला लई भूक लागली व्हती शिवकन्या. म्या त्या ज्वारीची भाकर खाल्ली."

बाबांनी माझा दोर सोडला. कंबर मोकळी झाली तरी मला तिथे काच जाणवत राहिला. त्या काळ्या तोंडाकडे बघायची माझी छाती होईना.

शरणप्पाने पेवाचं तोंड फोडून रुंद केलं आणि ते उघडंच ठेवलं. आजी रोज सकाळी दिवा सोडायची. तो विझला की वर ओढून घ्यायची. मी ओट्यावरून बघायची, आणि सुतळी वर येऊ लागली की तोंड फिरवायची.

शेवटी एका सकाळी दिवा तळाला टेकला आणि जळत राहिला. शरणप्पाने उतरायला धोतर खोचलं. दिवा वर घ्यायला बाबा सुतळी ओढू लागले, तर आजीने त्यांचा हात धरला.

"असू दे जरा," ती म्हणाली. "तव्हा सरजापाशी दिवा न्हवता."

बाबांनी सुतळी सैल सोडली. शरणप्पा पेवाच्या काठावर टेकला. वेशीत टँकरचा हॉर्न वाजला, बायका-पोरं घागरी घेऊन दारावरून पळाली. आमच्या घरातून कुणीच उठलं नाही.