कागदावरचा उलटा माणूस

कानेकिचीची नाव माकूळ धरायला गेली ती परतलीच नाही. त्या हिवाळ्यापासून त्याच्या बायकोने, त्सुयाकोने, समुद्राकडच्या लाकडी झडपा बंदच ठेवल्या. जपानच्या उत्तरेकडच्या हाचिनोहे बंदरात वाऱ्याला तोटा नाही, त्यामुळे शेजाऱ्यांना त्याचं नवल वाटलं नाही. समुद्र नजरेला पडू नये, एवढंच तिला हवं होतं.

झडपांच्या आत अंधारी ओसरी आणि ओसरीच्या आत खोलीचं कागदी दार. वसंत लागला तशी एका सकाळी ती अंथरूण गुंडाळत होती, तेव्हा त्या कागदावर तिला माणूस दिसला. वीतभर उंचीचा आणि उलटा. खाली आभाळ, वर जमीन, मधे तिच्याच घराचं फाटक. तो फाटकापाशी आला, जरा घुटमळला आणि एक पाय ओढत निघून गेला.

कानेकिचीही असाच पाय ओढायचा, उजवा. दोरखंडात सापडून तो मोडला होता.

त्सुयाको झडपांशी झटली. दमट हवेने फुगलेल्या झडपा सरकेपर्यंत रस्ता मोकळा झाला होता. तिने झडपा पुन्हा घट्ट लावून घेतल्या, आणि दुसऱ्या दिवशी कागदावर तो पुन्हा आला. मग ती रोज सकाळी चहाचे दोन पेले भरायला लागली.

स्टेशनाजवळ फोटो स्टुडिओ चालवणारा धाकटा दीर तेइझो एकदा सुकी मासळी घेऊन आला. त्याला ते दोन पेले दिसले.

"वहिनी, पाहुणे आलेत का कोणी?"

"हे येतात," ती म्हणाली. "ऊन असलं की."

तेइझोने वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी तो पहाटेच येऊन कागदापुढे बसला. ऊन वर आलं आणि कागदावर पाइनचं झाड डोक्यावर उभं राहिलं, तसा तो खो खो हसला. ओसरीत गेला आणि झडपेच्या फळीतली गाठ गळून पडलेलं भोक त्याने बोटाने दाबलं. झाड विझलं. बोट काढताच ते परत उमटलं.

"अहो, तुम्ही कॅमेऱ्यात राहताय! वरचा उजेड भोकातून सरळ खाली उतरतो, खालचा वर चढतो. म्हणून सगळं उलटं. माझ्या मोठ्या कॅमेऱ्याच्या काचेवर अस्संच दिसतं. महापौरसुद्धा माझ्याकडे डोक्यावर उभे राहतात!"

"मग हे?" त्सुयाको म्हणाली.

कागदावर माणूस आला होता. तेइझोचं हसू ओठांवरच राहिलं. तो उठून बाहेर धावणार, तोच तिने त्याची बाही धरली.

"भाऊजी, बाहेर जायचं नाही. भोकाला डोळाही लावायचा नाही. शपथ आहे. बाहेरून बघितलं की हे नसतात."

"अहो, पण..."

"चेहरा पुसट दिसतो. तेवढा नीट करून द्या."

तेइझोने भोकावर काळा कागद चिकटवला आणि त्याला सुईने टोचलं. चित्र रेखीव झालं, पण इतकं अंधुक की डोळे ताणावे लागले. "भोक मोठं केलं तर उजेड भरपूर, पण सगळं फिसकटतं," तो म्हणाला. "बारीक केलं की रेषा येते आणि उजेड जातो. मग फिल्मला वेळ जास्त द्यावा लागतो. एक घ्यावं तर दुसरं सुटतं."

पहिल्या दिवशी त्याने ओसरीच्या अंधारात फिल्म लावली. धुतल्यावर तिच्यावर फाटक आलं, पाइनचं झाड आलं. माणूस नव्हता.

"आले होते!" त्सुयाको ओरडली. "तुम्हीही बघितलंत!"

"आला होता, पण चालता होता. फिल्म उजेड हळूहळू साठवते. जो थांबत नाही, त्याचा उजेड साठायला अवधीच मिळत नाही. तो उमटत नाही."

"आणि मेलेला?"

तेइझोने फिल्म वाळायला टांगली.

त्या संध्याकाळी तिने नवऱ्याचा जुना मेणकापडी कोट फाटकावर टांगला. सकाळी तो माणूस आला, कोट बघितला आणि जागच्या जागी खिळला. आत तेइझोने फिल्मवरचं झाकण काढलं. बाहेर तो हलेना, आत हे दोघं हलेनात. त्सुयाकोला वाटलं, आपण श्वास घेतला तर कागद थरथरेल आणि हे निघून जातील.

फोटो हातात ओला होता तेव्हाच तेइझोचा चेहरा बदलला. कोट स्वच्छ आला होता. दोन्ही पाय स्वच्छ होते. तोंडाच्या जागी मात्र धुरकट डाग होता, कारण त्या माणसाची मान थांबली नव्हती. तो रडत असावा.

"वहिनी, या चित्रात नुसतं वरचं खाली जात नाही, डावं-उजवंही फिरतं," तेइझो हलकेच म्हणाला. "तुम्ही ज्याला उजवा पाय समजत होतात, तो डावा आहे. बघा, पुढून कापलेला बूट."

तिने बघितलं. कानेकिचीच्या नावेवरचा एकच माणूस जिवंत, दुसऱ्या नावेला सापडला होता. इंजिनवरचा शुन्साकु. थंडीने सडलेली त्याच्या डाव्या पायाची बोटं कापावी लागली होती.

"म्हणजे हे एकदाही आले नव्हते," त्सुयाको म्हणाली.

सकाळी ती फाटकाशी दगडावर बसून राहिली. शुन्साकु वळणावर आला, तिला बघून तिथेच गुडघ्यांवर कोसळला.

"घर बंद दिसायचं. वाटलं, तुम्ही माहेरी गेलात. नाहीतर माझी छाती झाली नसती."

"रिकाम्या घराशी कशाला यायचास रे?"

"सांगायला. समोर कोणी नसलं की तोंडातून निघतं."

"आता मी आहे. सांग."

तो मातीकडे बघत बोलला. "फळी एकच होती. दोघांनी धरली होती. मला झोप लागली, वहिनी. जाग आली तर मी एकटा."

"काही बोलले?"

"माझ्या आईच्या गुडघ्यांची चौकशी करत होते. बरे आहेत का म्हणून."

त्सुयाकोने मान हलवली. तसंच विचारलं असणार. तिने फाटकावरचा कोट काढून त्याच्या हातात दिला आणि आत गेली. शुन्साकु पुन्हा आला नाही.

पुढे तेइझोने तिला स्टुडिओत कामाला नेलं. फिल्म धुण्यात तिचा हात लवकर बसला. फक्त एक होतं. ताटलीतल्या औषधाच्या पाण्यात कोऱ्या कागदावर कोणाचा चेहरा उमटायला लागला की ती भिंतीकडे तोंड फिरवायची. न बघितलेला चेहरा कोणाचाही असू शकतो. तेइझोला वाटायचं, औषधाचा वास सोसत नसेल.

"झाला का पूर्ण?" ती विचारायची. आणि तो हो म्हणाल्यावरही जरा वेळ तशीच उभी राहायची.