पहिली पात

"अगं, विळाच आहे ना तो? की गव्हाला वारा घालायचा पंखा?"

भिंगरीने मान न वळवताच आवाज टाकला. कुणाला टाकला ते सांगायची गरज नव्हती. सुताराची सून जराशी कंबर सरळ करायला उभी राहिली होती, ती मुकाट्याने पुन्हा वाकली. तिच्या शेजारच्या दोघी आधीच वाकलेल्या होत्या, त्या आणखी वाकल्या. ऊन असं पेटलेलं की विळ्याची मूठसुद्धा हाताला चटके देत होती. जमीन भेगाळलेली, वारा पडलेला, आणि गव्हाची कुसळं घामाला चिकटून मानेपासून पाठीपर्यंत नुसती आग आग.

भिंगरी हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. पोरवयातच तिच्या हाताचा वेग बघून कुणीतरी म्हणालं आणि ते जन्माचं चिकटलं. आता केस पिकले, तरी मालकाच्या मळ्यात पहिली पात तिचीच. पात म्हणजे कापणाऱ्या बाईच्या वाट्याचा पट्टा. या बांधापासून त्या बांधापर्यंत जिने तिने आपापला कापत जायचा. मळ्याचा कायदा साधा होता. पहिली पात पलीकडच्या बांधाला टेकली की ती बाई घोटभर पाणी प्यायची, तोंड पुसायची आणि दुसरी पात धरायची. तोवर जी पोचली नाही, तिला उद्या बोलावणं नाही. मालकाला कधी कुणावर आवाज चढवावा लागत नसे. "मी कुणाला काढत नाही बाबा," तो म्हणायचा, "पातच काढते." आणि हे तो अगदी मनापासून म्हणायचा. लहानपणापासून बापाच्या शेजारी बांधावर बसून त्याने शेत बघितलं होतं, आणि बांधावरून शेत असंच दिसतं.

रांगेत शेवटून दुसरी पात भिंगरीच्या धाकट्या बहिणीची. तिला सगळं गाव धाकटीच म्हणायचं. बाई कामाला चुकार नव्हती, पण छातीने अधू. थोडा वेळ वाकली की धाप लागायची आणि खोकल्याची उबळ यायची. तिचा नवरा लांब वीटभट्टीवर कामाला होता. तिथे तिलाही काम मिळालं असतं, पण भट्टीची राख आणि धूर त्या छातीला सोसणार नाही हे आंधळ्यालाही कळलं असतं. म्हणून ती गावातच राहिली. मळ्याचं काम गेलं, तर मात्र तिला भट्टीशिवाय दुसरी वाट नव्हती.

मग इतकी वर्षं ती टिकली कशी? तर भिंगरीमुळे. आपली पात संपली की भिंगरी पाण्याला तोंड लावायची नाही. तशीच वळायची, धाकटीच्या पातीच्या टोकाला जायची आणि समोरून कापत यायची. दोघी बहिणी मध्येच कुठेतरी भेटायच्या. धाकटी हसायची. भिंगरी म्हणायची, "दात काय काढतेस, पेंढ्या बांध." मालक तेवढ्यापुरता दुसरीकडे बघायचा. पहिली पात धरणारी बाई दुखवण्याइतका तो खुळा नव्हता.

आणि हे काही आजकालचं नव्हतं. आई गेली तेव्हा भिंगरी कोवळी पोर आणि धाकटी नुकती चालायला लागलेली. बाप असून नसल्यासारखा. भिंगरीने आपल्या वाट्याचं कापलं, पुढे धाकटीच्या वाट्याचंही कापलं आणि तिला शाळेत घातलं. चार यत्ता का होईना, धाकटी शिकली. एका घरात, एका चुलीशी वाढलेल्या दोघी. पण एकीला कुणीतरी कडेवर घेतलेलं होतं आणि दुसरीला कुणीच नाही, हा फरक तेव्हा कुणाच्या ध्यानात आला नाही.

तो ध्यानात आला यंदा, गावची निवडणूक लागली तेव्हा. दरवेळी मालक उभा राहायचा आणि निवडून यायचा. यंदा त्याच्यासमोर चौकातला सायकलवाला उभा राहिला. हा गडी पूर्वी शहरात कारखान्यात होता. कारखान्याला टाळं लागलं तेव्हा परत येऊन पंक्चर काढत बसला. कारखाना सुटला तरी त्याच्या डोक्यातला भोंगा काही सुटला नव्हता. "भोंगा झाला की हात थांबायचे," तो ट्यूब पाण्यात बुडवता बुडवता सांगायचा. "भरभर हाताचे, हळू हाताचे, सगळ्यांचे. मग शेतातच का नाही?" त्याचं म्हणणं एवढंच, की पातीवरून कुणाला काढायचं नाही. दिवस मावळला की काम संपलं, राहिलं ते उद्या. गावाने तसा ठराव करायचा आणि सगळ्या मळ्यांनी तो पाळायचा. धाकटी त्याच्यासाठी घरोघर फिरायला लागली.

दुपारी झाडाखाली डबे उघडले तेव्हा भिंगरीने विषय काढलाच.

"त्या पंक्चरवाल्याच्या मागे फिरतेस म्हणे."

"मागे नाही अक्का, बरोबर फिरते."

"जिभेला धार आलीय. विळ्याला कधी येणार?"

सुताराच्या सुनेला फिस्सकन हसू आलं. धाकटीही हसली आणि हसता हसता खोकली.

"एक सांग अक्का. पात मागे पडली म्हणून बाईला घरी बसवायचं, हे तुला पटतं?"

"न पटायला काय झालं? अंगात ताप घेऊन कापलंय मी. हाताला फडकं गुंडाळून कापलंय. आलं होतं का कुणी समोरून? ज्याला पोट आहे त्याने हात चालवावेत. मला कुणी काही दिलं नाही आणि मी कुणापुढे हात पसरला नाही."

"तुला मिळालं नाही, म्हणून दुसऱ्यांनाही मिळू नये?"

"आयतं खायची सवय लागते माणसाला. तुला लागली तशी."

शब्द तोंडातून गेला. धाकटीचा चेहरा उतरला. पण भिंगरीनेच वाढवलेली पोर ती, गप्प कशी बसेल?

"हो, लागली. तूच लावलीस. मला तू आहेस. हिला कोण आहे?" तिने सुताराच्या सुनेकडे बोट केलं.

"मला नका बाई तुमच्यात ओढू," सुताराची सून म्हणाली आणि तिने डबा घेऊन पाठ फिरवली.

त्याच संध्याकाळी चौकात मालकाची सभा होती. मालकाने भिंगरीला बोलावून घेतलं आणि आपल्या शेजारी खुर्चीवर बसवलं. जन्मात कधी ती अशी चारचौघांसमोर खुर्चीवर बसली नव्हती. पाय कुठे ठेवावेत तेही तिला कळेना. "या बाईने अख्खं आयुष्य पहिली पात धरली," मालक म्हणाला. "हिलाच विचारा, कायदा बरोबर की चूक." भिंगरी उभी राहिली. आवाज आला तो खणखणीत आला.

"मागे राहते तिने घरी बसावं. गहू कुणासाठी थांबत नाही."

टाळ्या पडल्या. आपल्या राबण्याला कुणी टाळ्या वाजवतं, हे तिला पहिल्यांदाच कळत होतं, आणि ते सुख तिच्या डोळ्यात पाणी आणून गेलं. त्या पाण्यातून तिला गर्दीत उभी असलेली धाकटी दिसली. धाकटी टाळ्या वाजवत नव्हती आणि रागावलेलीही दिसत नव्हती.

दुसऱ्या दिवशी आभाळ भरून आलं. गारा पडल्या असत्या तर उभा गहू मातीत गेला असता. मालक बांधावर येरझाऱ्या घालत होता, "आवरा, आवरा." भिंगरीच्या हाताला त्या दिवशी वारं लागलं होतं. ती कापत सुटली आणि इतरांची थोडी थोडी पात बाकी होती तेव्हाच बांधाला टेकली. मग वळली. धाकटी पार मागे होती, एका हाताने गुडघा धरून दम घेत होती.

भिंगरीचं पाऊल उचललं गेलं आणि तसंच राहिलं. काल चौकात सगळ्या गावासमोर काय बोललो आपण? आणि ही बया आपल्याच विरोधात घरोघर फिरते. एक दिवस कळू दे तिला, पात कशी ओढावी लागते ते. तिने पाण्याचा तांब्या घेतला, घटाघटा प्यायली, तोंड पुसलं आणि दुसरी पात धरली. मालक काही खरंच धाकटीला काढणार नाही, असं तिचं मन तिला सांगत होतं. माझी बहीण आहे ती, हे काय त्याला माहीत नाही?

तिने दुसरी पात धरायच्या जेमतेम आधी सुताराची सून धडपडत, रडकुंडीला येत बांधाला पोचली होती. बाकीच्याही कशाबशा पोचल्या होत्या. धाकटी पोचली नाही. दुसऱ्या दिवशी तिला बोलावणं आलं नाही. गारा मात्र पडल्याच नाहीत.

निवडणुकीत भिंगरीने मत मालकालाच दिलं. तिचा हिशेब सरळ होता. मालक निवडून आला की आपल्याला त्याच्याकडे हक्काने जाता येईल. मालक निवडून आला आणि ती गेली.

"ये भिंगरे, बस," मालक ओसरीवरून म्हणाला. ती पायरीवर टेकली.

"मालक, धाकटीला परत घ्या. तिच्या पातीचं मी बघते."

मालकाने जरा वेळ विचार केला. माणूस वाईट नव्हता.

"अगं, तू चौकात बोललीस तेव्हा अख्ख्या गावाने टाळ्या वाजवल्या. तुझ्या शब्दावर मला मतं पडली म्हण ना. आता तुझ्याच बहिणीला सूट दिली तर लोक काय म्हणतील? मला म्हणतील ते म्हणतील, तुला काय म्हणतील?"

"तिच्या छातीला त्रास आहे हो."

"मग तिने घरी बसावं. तूच म्हणालीस की." तो चिडवत नव्हता. चिडवलं असतं तर भिंगरीने दोन शब्द सुनावले असते. "आणि ती त्या सायकलवाल्याबरोबर फिरली, ते मी मनात धरलेलं नाही. मी तसला माणूस नाही, तुला माहीत आहे."

तिला माहीत होतं. ती उठून आली.

भट्टीवर माणसं नेणारा टेम्पो यायचा होता त्या सकाळी भिंगरी धाकटीच्या घरी गेली. धाकटी गाठोडं बांधत होती. सामान होतं ते काय, दोन भांडी, एक पांघरूण, चार कपडे.

"नको जाऊस. माझ्याकडे राहा," भिंगरी म्हणाली. "आहे त्यात दोघींचं भागेल."

"आणि आयतं खायची सवय लागली तर?" धाकटी हसली. मग भिंगरीचं तोंड बघून तिने गाठोडं बाजूला ठेवलं आणि तिचा हात धरला. "थट्टा केली गं. पण अक्का, तू तरी किती दिवस ओढशील? तुझेही हात थकणारच."

"चुकलं माझं. त्या दिवशी वळायला हवं होतं मी."

"वळली असतीस तर मी राहिले असते आणि आज ना उद्या दुसरी कुणी गेली असती."

 भिंगरीला रडू येत होतं आणि रडायची सवय नव्हती.

"तुझ्यावर राग नाही माझा," धाकटी म्हणाली. "चौकात बोललीस ते तू खोटं नाही बोललीस. तुझ्यासाठी कुणी समोरून आलंच नाही, मग तुला ते खरं कसं वाटणार? मी मात्र बघितलंय. वाकून वाकून जीव जायला लागायचा, वाटायचं आता संपलं, आणि मग समोरचा गहू हलायचा. आधी विळ्याचा आवाज यायचा, मग तुझं डोकं दिसायचं. इतकी वर्षं बघितलंय मी. म्हणून मला वाटतं, माणसांना हे जमतं. सायकलवाल्याने नाही शिकवलं मला. तू शिकवलंस."

टेम्पो आला. धाकटी मागे चढली, बायकांमध्ये दाटीवाटीने बसली. धूळ उडाली आणि त्या धुळीत तिच्या खोकल्याचा आवाज बराच वेळ ऐकू येत राहिला. भिंगरी रस्त्यात उभी होती. मग कामाला उशीर होतो म्हणून मळ्याकडे निघाली, कारण दुसरं काय करावं ते तिला सुचेना.

शेवटचं शेत कापायचं राहिलं होतं. पहिली पात भिंगरीने धरली. हात आपोआप चालत होते. ती बांधाला टेकली आणि वळून बघितलं, तर सगळ्यात मागे सुताराची सून. भिंगरी पाण्याला न शिवता निघाली, तिच्या पातीच्या टोकाला गेली आणि समोरून कापायला लागली.

गहू हलला. सुताराच्या सुनेने मान वर केली आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"मावशी, हे काय करताय?"

"कापतेय. ये तू तिकडून."

"नको! पाया पडते तुमच्या, नको!" ती खालच्या आवाजात, पण कळवळून बोलत होती. "मालक इकडेच बघतोय. तुमची बहीण होती तेव्हा तुमचं चाललं. आता चालेल का? माझ्या पातीत तुम्ही उभ्या दिसलात, म्हणजे ही मागे पडली असं ओरडून सांगितल्यासारखं झालं. माझी लेकरं आहेत मावशी. तुम्ही जा, बांधावर बसा. मी येते कशीबशी." ती पुन्हा वाकली आणि वाकूनच म्हणाली, "फक्त पाणी जरा सावकाश प्या."

भिंगरी परत बांधावर आली. तांब्या भरून घेतला आणि बसली. एक घोट घेतला, थांबली, दुसरा घेतला. हे त्या दिवशीही करता आलं असतं. कायदा मोडावा लागला नसता, कुणापुढे कमीपणा आला नसता, नुसतं पाणी जरा हळू प्यायचं होतं. तिला हुंदका आला तो तिने पाण्याबरोबर गिळला.

"भिंगरे, झालं का पाणी?" पलीकडून मालकाने हाक दिली.

"तहान लागलीय मालक," ती म्हणाली.

तांब्या केव्हाच रिकामा झाला होता. तिने तो तसाच तोंडाला लावून धरला, आणि सुताराची सून बांधाला टेकेपर्यंत खाली ठेवला नाही.