कागदावरच्या चार रात्री

डोंगरावरून उतरवलेली मेंढरं कोंडवाड्यात घातली आणि सगळा गाव ज्याची त्याची निवडायला भिडला. कानातला बिल्ला बघायचा, शिंगाला धरायचं, आपल्या कप्प्यात ढकलायचं. पाऊस तिरपा लागला होता. तोर्गेरशी काडीमोड होऊन तीन वर्षं झाली, तरी या कामाला मी येते. न येणाऱ्याची गावात चर्चा होते.

एक दांडगी मेंढी तोर्गेरनं आणि मी मिळून ओढत नेली. कप्प्याची कडी घालता घालता तो म्हणाला, "हापिसात अर्ज टाकलाय म्या. पोरीच्या पोटगीचा. तुला पत्र यील."

"कसला अर्ज?"

"इडुन म्हयन्याला नऊ रात्री माझ्याकडं झोपती. कागदावर चारच हायेत."

आमच्या नॉर्वेत पोटगी ठरते ती दोघांची कमाई बघून आणि पोर कुणाकडे किती रात्री झोपतं ते मोजून. नऊ झाल्या की पुढची पायरी लागते आणि बापानं द्यायची रक्कम कमी होते. माझे महिन्याचे अकराशे क्रोनर जाणार होते. बरोब्बर नऊच कशा, हे न कळण्याइतकी मी खुळी नव्हते.

चार रात्री वेगळं होताना लिहिल्या होत्या. बाकीच्या तोंडीच वाढत गेल्या. शाळेची बस त्याच्या फाटकाशी थांबते म्हणून रविवार, वृद्धाश्रमात माझी रात्रपाळी म्हणून अधलेमधले दिवस. शेजाऱ्यापाजाऱ्यांत असलं कोण लिहून ठेवतं?

शेजारच्या ओडनीबाईंनी सगळं ऐकलं होतं. मटण-कोबीचा वाडगा माझ्या हातात देत म्हणाल्या, "चारच लिव्ह. मेंढराच्या कानात बिल्ला आसतो बाई, पोरीच्या न्हाई."

पत्र आलं, त्यातही तेच निघालं. दोघांचं जुळत नसेल आणि पुरावा नसेल तर जुनाच करार धरणार. मी 'चार' लिहिलं की विषय संपला.

इडुन टेबलाशी चित्र रंगवत होती. सात वर्षांची आहे. बाबाकडे झोप लागते का, असं मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"लागती की. माझी उशी तिकडंच आस्ती."

मी तिच्या खोलीत जाऊन पाहिलं. पलंगावर पाहुण्यांची उशी होती. कधीपासून होती, कोण जाणे. पोरीला शिंक आली तरी मला कळते, असं मी समजत होते.

मग पाळ्यांचा तक्ता घेऊन बसले. त्यानं आकडा फुगवलाय हे दाखवायचंच होतं. ऑगस्ट मोजला, सप्टेंबर मोजला, पुन्हा पहिल्यापासून मोजलं. नऊ नव्हत्या. अकरा होत्या.

पेन बराच वेळ हातात राहिलं. मग अकरा लिहिलं.

आठवड्यानं तोर्गेरचा फोन आला. म्हणाला, "आगं, म्या नऊच म्हनलं हुतं."

"तू अंदाजानं म्हणालास. मी मोजल्या."

 

गेलेले पैसे कुठून तरी भरायलाच हवे होते. वृद्धाश्रमात जाऊन महिन्याला आणखी दोन रात्रपाळ्या मागून घेतल्या.

इडुनच्या तिकडच्या रात्री आता तेरा झाल्या.